वाघ पाहून झाला, खेळाडू कुठे पाहायचे? : 'हॉल ऑफ फेम' आणि आपल्या सहली



विषयाचं नाव वाचून आपल्यापैकी काहींना प्रश्न पडला असेल. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या दोन जिल्ह्यांत खेळाडूंचा एकही 'हॉल ऑफ फेम' नाही, मग अशा दालनांभोवती सहली आखण्यावर इथे बोलायचं काय? प्रश्न रास्त आहे. पण दालन नाही म्हणून खेळाडू नाहीत, असं होत नाही. आणि ज्यांच्याकडे दालन आहे त्यांचं सगळं आलबेल आहे, असंही नाही. आज या दोन्ही बाजू पाहू.

आपण पुस्तकाची समीक्षा करतो, नाटकाची करतो. तशीच दालनाचीही करता येते. कोणाला आत घेतलं, कोणाला दारातच ठेवलं, काय काचेत मांडलं आणि काय सांगायचं टाळलं, हे सगळं वाचता येतं. आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे: चांगलं क्रीडादालन तीन गोष्टींचं मिळून बनतं. निवडलेली नावं, जपलेल्या वस्तू आणि खेळ जिथे घडला ती जागा. महाराष्ट्रात या तिन्ही गोष्टी आहेत, पण तीन दिशांना पांगलेल्या. आपल्या दोन जिल्ह्यांत जागा आहेत, माणसं आहेत, पण नावं एकत्र लिहिलेली नाहीत. सहल आखणाऱ्याला ही तुटलेली साखळी जोडता येते. मात्र त्यासाठी आधी तिची तूट कुठे आहे, ते कळायला हवं.

सहल कशाभोवती फिरते?

आपल्याकडे सहलीचं बोलणं निघालं की पहिला प्रश्न येतो, मोहर्ली की कोलारा? ताडोब्याचं गेट मिळालं की तारीख ठरते, तारखेवरून गाडी आणि गाडीवरून माणसं. बाहेरगावची मंडळी आनंदवन, सोमनाथ, हेमलकसा अशी साखळी करतात; वाटेत मार्कंड्याचं देऊळ आणि आलापल्लीचं जंगल. म्हणजे एका सूत्राभोवती प्रवास बांधणं आपल्याला नवीन नाही. वारी हे तर त्याचं सर्वांत जुनं रूप.

अमेरिकेत हेच सूत्र खेळाचं असतं. बेसबॉलसाठी कूपर्सटाउन, बास्केटबॉलसाठी स्प्रिंगफिल्ड, अमेरिकन फुटबॉलसाठी कॅन्टन, टेनिससाठी न्यूपोर्ट. आणि शेजारच्या कॅनडात आइस हॉकीसाठी टोरांटो. बाप आपल्या मुलांना घेऊन गाडीने शेकडो मैल जातो, वाटेत दोन सामने पाहतो, दालनात आपल्या लहानपणच्या खेळाडूचा फलक शोधतो आणि मुलांना सांगतो, 'हा बघ, याला मी खेळताना पाहिलं.' न्यूपोर्टच्या टेनिस दालनात २०२४ साली विजय अमृतराज आणि लिअँडर पेस यांची नावं गेली. त्यामुळे तिकडच्या मराठी घरांनाही आता ती वाट धरायला घरचं कारण मिळालं आहे. तिकडे लॉर्ड्सच्या संग्रहालयात ॲशेसचा तो वीतभरही नसलेला कलश पाहायला क्रिकेटवेडे जातातच.

आम्हाला यात एक गोष्ट मनापासून आवडते. अशा सहलीत दोन पिढ्या एका नावापाशी थांबतात. घरात ज्या गोष्टी बोलल्या जात नाहीत, त्या त्या फलकासमोर निघतात. देवळात आजी नातवाला कथा सांगते, तसंच हे. म्हणूनच त्या फलकावर कोणाचं नाव आहे, हा प्रश्न किरकोळ राहत नाही.

कूपर्सटाउन : आधी पाहुणे, मग इतिहास

या सगळ्या दालनांचा नमुना म्हणजे कूपर्सटाउन. न्यूयॉर्क राज्यातलं दोन हजारांहूनही कमी वस्तीचं गाव. १९३९ च्या १२ जूनला तिथे बेसबॉलचं दालन उघडलं. निमित्त होतं खेळाच्या शंभरीचं. १८३९ साली याच गावात ॲबनर डबलडे नावाच्या तरुणाने बेसबॉल शोधला, असं एका समितीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरवून टाकलं होतं. अडचण एवढीच, की १८३९ मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. बेसबॉलचा असा कोणी एक जनक नाही, हे आज अभ्यासक एकमुखाने मान्य करतात.

मग दालन तिथेच का? सिंगर शिवणयंत्राच्या संपत्तीचे वारस असलेले स्टीफन क्लार्क हे त्या गावचे. मंदीचे दिवस होते. दारूबंदीच्या काळात त्या भागातल्या हॉप्सच्या शेतीला, म्हणजे बिअरसाठी लागणाऱ्या पिकाला, फटका बसला होता. गावात माणसं यायला हवी होती. म्हणजे पाहुण्यांची गरज आधी आली आणि इतिहास तिच्या मापाने शिवला गेला. शिवणयंत्राच्या पैशाला हे शोभलंही! आज तिथे दरवर्षी लाखाहून जास्त लोक येतात.

आता याला लबाडी म्हणून सोडून द्यायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. कारण खोट्या जन्मकथेवर उभ्या असलेल्या त्या दालनाने एक काम नेकीने केलं. निवडीचा नियम लोकांसमोर ठेवला. खेळाडू किमान दहा हंगाम खेळलेला हवा, निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली हवीत, आणि अनुभवी क्रीडापत्रकारांच्या मतदानात पंचाहत्तर टक्के मतं मिळायला हवीत. आकडे जाहीर होतात. त्यावर वर्षभर भांडणं होतात. ही भांडणं दालनाला जिवंत ठेवतात.

नियम असूनही अन्याय झालाच. काळ्या खेळाडूंना कित्येक दशकं गोऱ्यांच्या लीगमध्ये प्रवेश नव्हता. त्यांचं स्वतःचं वेगळं विश्व होतं. त्या विश्वातला थोर गोलंदाज सॅचेल पेज १९७१ मध्ये निवडला गेला तेव्हा आधी जाहीर झालं, की या खेळाडूंसाठी वेगळी जागा ठेवू. आरडाओरडा झाला. वृत्तपत्रांनी धारेवर धरलं. शेवटी पेजचा फलक बाकीच्यांच्या रांगेत लागला. नियम सगळ्यांना माहीत होता, म्हणून तो मोडला जातोय हे सगळ्यांना दिसलं. नियमच नसता तर भांडायचं कशाच्या आधारावर?

याउलट उदाहरण न्यूयॉर्क शहरातच आहे. खेळाचं नव्हे, पण 'हॉल ऑफ फेम' हा शब्द ज्याने अमेरिकेत रुळवला ते थोर अमेरिकनांचं दालन. १९०० साली ब्राँक्समध्ये विद्यापीठाच्या आवारात उभं राहिलं. खांबांची सुंदर ओवरी, ओळीने अर्धपुतळे. १९७० च्या दशकानंतर तिथे नवी निवड झाली नाही. विद्यापीठ ते आवार सोडून गेलं. पुतळे अजून उभे आहेत, पण त्यांच्यासाठी सहल काढणारे थोडेच. दगड टिकला, ओढ गेली. फक्त इमारत बांधू म्हणणाऱ्यांनी एकदा ब्राँक्स आठवावं.

आपल्या राज्यातली तीन तुकडे झालेली गोष्ट

आता महाराष्ट्रात येऊ. इथे आम्ही तीन खण पाडतो: वस्तू, नावं, जागा.

वस्तूंचा खण पुण्यात आहे. सहकारनगरमधलं 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेटचं संग्रहालय २०१२ मध्ये सचिन तेंडुलकरच्या हस्ते उघडलं. रोहन पाटे या एका माणसाच्या वेडातून ते उभं राहिलं. जगभरच्या खेळाडूंच्या सह्या केलेल्या बॅटी, जर्सी, चेंडू, हातमोजे. मुंबईत वानखेडे स्टेडियमवर मुंबई क्रिकेट संघटनेचं शरद पवार यांच्या नावाचं संग्रहालय २०२५ मध्ये सुरू झालं. या दोन्हींचं मोल आहे. असं वेड कोणी घेतलं नसतं तर त्या वस्तू माळ्यावर गेल्या असत्या किंवा लिलावात.

पण वस्तूंच्या संग्रहाची एक मर्यादा असते. सही केलेली बॅट ही ज्याची सही आहे त्याची गोष्ट सांगते. ज्याला कोणी सही मागितलीच नाही, त्याचं काय? म्हणून आम्ही सुचवतो, की कुठल्याही क्रिकेट दालनात शिरलात की आधी बाळू पालवणकर शोधा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्याच्या जिमखान्यावर त्याची गोलंदाजी चालायची, पण चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा, कारण तो अस्पृश्य मानलेल्या जातीतला. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याच्या वाट्याला आलं नाही. ते पुढे धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. बाळू किती जागेत आहे, कुठल्या शब्दांत आहे, यावरून दालनाची पारख होते. सॅचेल पेजची कसोटी आपल्याकडे बाळू पालवणकरची कसोटी होते.

नावांचा खण सरकारदरबारी आहे. १९६९-७० पासून शिवछत्रपती पुरस्कार दिले जातात. पन्नासहून अधिक वर्षांची ती यादी म्हणजे महाराष्ट्राच्या खेळांचा कणा. पण पुरस्कार मिळतो, फोटो छापून येतो, पुढच्या वेळी नवी यादी येते. नाव कुठे जाऊन वाचायचं? आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचंही असंच. २००९ पासून त्यांचा 'हॉल ऑफ फेम' आहे. गावसकर, कपिल, बेदी, कुंबळे, द्रविड, तेंडुलकर, विनू मंकड, डायना एडुलजी अशी मंडळी त्यात आहेत. पण कूपर्सटाउनसारखं गाव त्याला नाही. तिकीट कुठलं काढणार?

जागांचा खण सर्वांत श्रीमंत आहे. कोल्हापूरचं खासबाग मैदान घ्या. शाहू महाराजांनी युरोपात जुनी प्रेक्षागृहं पाहिली आणि त्या धर्तीवर १९१२ मध्ये कुस्तीचं मैदान उभं केलं. गोल, खोलगट, मधे हौदा, भोवती चढत जाणारी बसायची जागा. कुठेही बसा, पैलवान दिसतो. फलक नसला तरी ते मैदान बोलतं.

आणि कऱ्हाडजवळचं गोळेश्वर. खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यांना तिकडे पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. १९८४ मध्ये अपघातात खाशाबा गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशकाने. आता १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, राज्याचा क्रीडा दिन म्हणून पाळतात. पण २०१७ मध्ये त्यांच्या घरच्यांवर हे पदक लिलावात काढण्याची भाषा करायची वेळ आली होती. गावात कबूल केलेली कुस्ती अकादमी उभी राहत नव्हती म्हणून. नाव आहे, वस्तू आहे, जागा आहे. तिन्ही एकाच गावात असूनही त्यांना बांधणारा धागा सैल. याला आम्ही आपल्या क्रीडास्मृतीची खरी दुखरी जागा म्हणतो.

विदर्भाला जवळची जागा म्हणजे अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे कबड्डीसह देशी खेळ करून दाखवले. ते ऑलिंपिक हिटलरच्या राजवटीच्या जाहिरातीसाठी वापरलं गेलं होतं, हेही मुलांना सांगायला हवं. अभिमान आणि अवघड प्रश्न एकाच वेळी हातात देता आले पाहिजेत. मंडळाच्या आवारात आजही मुलं मल्लखांबावर चढतात. वस्तू पाहायला पुण्याला जावं, पण खेळ अंगात कसा येतो ते पाहायला अमरावतीला जावं. गडचिरोलीच्या शाळेला एकच सहल परवडणार असेल तर आम्ही बिनदिक्कत अमरावती म्हणू. शालेय सहलीला एसटीत पन्नास टक्के सवलत असली तरी पुणे इथून सातशे किलोमीटरहून लांब आहे. एटापल्लीच्या पोरांचे चार दिवस जाण्यायेण्यातच संपायचे.

आपल्या दोन जिल्ह्यांत काय आहे?

पहिली जागा: विसापूर. चंद्रपूरहून बल्लारपूरच्या वाटेवर. इथल्या तालुका क्रीडा संकुलात २०२३ च्या डिसेंबरात ६७ वी राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाली. देशभरची पोरं कागदाच्या कारखान्याच्या या गावाशेजारी धावली. आता राज्यातल्या कुठल्याही संकुलाच्या दाराशी उभं राहून पाहा. कोनशिलेवर उद्घाटक असतात, प्रमुख पाहुणे असतात, उपस्थित मान्यवर असतात. त्या धावपट्टीवर पहिलं कोण आलं? ते कोनशिलेवर नसतं. कूपर्सटाउनला मालकाने गावासाठी खेळाडू वापरले, आपण खेळाडूंच्या मैदानावर पाहुण्यांची नावं कोरतो. दोन्हीकडे दगड तोच.

दुसरी जागा म्हणजे आश्रमशाळा. मे २०१८. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासनाच्या 'मिशन शौर्य' मोहिमेतून देवाडा आणि बोर्डा इथल्या आश्रमशाळांची दहा मुलं एव्हरेस्टवर गेली. त्यांपैकी पाच जण शिखरावर पोहोचले. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे, विकास सोयाम. ही नावं आम्ही मुद्दाम सावकाश घेतोय. त्या आठवड्यात ती राज्यभर दुमदुमली. आज चंद्रपूरच्या बसस्थानकावर दहा माणसांना विचारा, पाचही नावं सांगणारा किती वेळात भेटतो ते पाहा. आणि जी पाच मुलं शिखराच्या खालून परतली, त्यांचं काय? आठ हजार मीटरच्या डोंगरावर वेळेत मागे फिरणं हीसुद्धा विद्या आहे. शिखराच्या यादीत ती नसतील, पण मोहिमेच्या यादीत दहाही हवीत. यादी कशाची करायची, हे ठरवणं म्हणजेच दालन उभारणं.

तिसरी जागा शंकरपट. दिवाळीनंतर मंडया सुरू होतात, धान घरात येतं आणि झाडीपट्टीत 'भव्य इनामी शंकरपट' अशी पत्रकं भिंतीभिंतीवर लागतात. दिवसा पट, रात्री नाटक. वडसा हे नाटक कंपन्यांचं माहेर. रेल्वेनेही तिथे पोहोचता येतं. पटावर दोन बैलांची जोडी, हलकी गाडी, मागे धुरकरी, आणि सेकंदाच्या अंशांवर हारजीत. जोड्यांची नावं लोकांना पाठ असतात. कुठल्या मालकाची जोडी कुठल्या साली कुठे पहिली आली, हे सांगणारे म्हातारे गावोगाव आहेत. ते म्हातारे हीच सध्याची यादी. आणि ती दरवर्षी एकेक पान गळत जाते.

पट दाखवायचा तर त्याचा वादही दाखवायला हवा. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली, प्राण्यांना होणाऱ्या क्रूरतेचा मुद्दा होता. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, तोही अडकला. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. मधली साडेसात वर्षं अधिकृत पट नव्हता. त्या काळात बैलजोड्यांचं, धुरकऱ्यांचं काय झालं, आणि बैलाच्या शेपटीला पिळा देणाऱ्यांनी खेळाची इभ्रत कशी घालवली, हे दोन्ही एकाच भिंतीवर लिहायला जागा हवी. नुसतं कौतुक करणारं दालन आम्हाला नको.

चौथी गोष्ट, कबड्डी आणि व्हॉलीबॉल. गडचिरोलीत दूरच्या गावांतही जाळी बांधलेली दिसते. पोलीस दलाच्या स्पर्धा वीर बाबुराव शेडमाके, बिरसा मुंडा यांच्या नावाने होतात. शेडमाक्यांना १८५८ मध्ये चंद्रपुरात फाशी दिलं गेलं; त्यांचं नाव स्पर्धेला देणं योग्यच. पण चषकावर वीराचं नाव राहतं आणि तो उचलणाऱ्या मुलींचं नाव पुढच्या हंगामात धुऊन जातं. थोर पूर्वजाच्या सावलीत जिवंत माणूस दिसेनासा व्हावा, हे त्या पूर्वजालाही रुचलं नसतं.

मग सहल कशी आखायची?

हिवाळा धरा, जानेवारी उत्तम. पहिल्या दिवशी सकाळी विसापूरचं मैदान. मुलं सरावाला असतात तेव्हाच जा. दुपारी राजुऱ्याच्या पुढे देवाड्याकडे. मात्र आश्रमशाळेची परवानगी आधी घेऊन, आणि ती मिळाली नाही तर मुकाट्याने पुढे जाऊन. दुसऱ्या दिवशी मूलमार्गे गडचिरोली, तिथून पन्नासेक किलोमीटरवर वडसा. वाटेत ज्या गावी पट असेल तिथे दिवस आणि नाटकाला रात्र. तिसऱ्या दिवशी नागपूरमार्गे अमरावती. सवड असेल तर त्याच जिल्ह्यातलं तळेगाव दशासर; तिथल्या शंकरपटाला जुनं नाव आहे आणि बायकाही तिथे गाडी हाकतात.

या सहलीचे नियम मोजके आहेत. फोटो विचारून काढायचा. 'आदिवासी पोरं बघायला आलो' असा भाव मनात असेल तर घरीच थांबायचं. जंगलातल्या माणसांना वाघासारखं पाहण्याचा रोग पर्यटनाला आधीच जडलेला आहे. आणि प्रत्येक ठिकाणाहून किमान एक नाव लिहून आणायचं: कोण, कुठला खेळ, कुठलं साल, कोणी सांगितलं. चार ओळी पुरेत. सहल संपल्यावर त्या ओळींची एक प्रत त्या गावच्या शाळेला पाठवायची. आपण नेलं तेवढंच परत दिलं पाहिजे.

शाळेच्या व्हरांड्यातली एक भिंत, त्यावर रंगवलेली नावं आणि वर स्पष्ट लिहिलेला नियम, एवढ्यात गावाचं दालन उभं राहतं. नियम ग्रामसभेत ठरवा. शिकवणारा गुरुजी धरायचा का, हरलेला अंतिम सामना धरायचा का, धुरकऱ्यासोबत बैलांची नावं लिहायची का, यावर भांडा. खुशाल भांडा. कूपर्सटाउनकडून घ्यायचं असेल तर हे भांडण घ्यावं. खोटी जन्मकथा त्यांच्याकडेच राहू द्यावी.

प्रश्नोत्तरांतून

*एका शिक्षिकेचा प्रश्न : सर, भिंतीवर नाव लिहून पोरांच्या पोटात काय जाणार? त्यांना बूट नाहीत, मैदानाला कुंपण नाही.*

ताई, बूट आधी. यात वादच नाही. पण एक पाहा. बुटांसाठी अर्ज करताना आपण लिहितो, 'आमच्या शाळेत गुणवान खेळाडू आहेत.' साहेब विचारतात, कोण? तेव्हा दाखवायला वीस वर्षांची यादी असेल तर अर्जाला वजन येतं. ज्या गावाकडे नावं नाहीत, त्या गावाची मागणी 'सगळेच मागतात' या ढिगात जाते. स्मृती ही पोट भरल्यावरची चैन आहे असं मानू नका. हक्क मागायला ती पुराव्यासारखी कामी येते.

*दुसरा प्रश्न, एका विद्यार्थ्याचा : चंद्रपूरला मोठं दालन व्हावं असं तुम्हाला वाटत नाही का?*

व्हावं की. पण क्रम असा असावा: आधी नावं, मग वस्तू, शेवटी इमारत. आपल्याकडे इमारत आधी होते आणि मग तिच्यात काय ठेवायचं याची समिती बसते. तू कुठल्या गावचा? सिंदेवाहीचा. मग सिंदेवाहीपासून सुरुवात कर. तुझ्या आजोबांच्या वेळी तिथे कबड्डीत कोण गाजलं होतं, हे या रविवारी घरी विचार. पहिलं नाव तूच लिहायचं.